रिसर्च मेमो: लॉ फर्मच्या इंटर्नशिपमधलं लेखी काम कसं हाताळायचं

(हा एपिसोडचा लिखित मजकूर आहे. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' थोडे गाळलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

परीक्षा संपल्या की कायद्याच्या विद्यार्थ्यांचे मेसेज सुरू होतात. 'सर, इंटर्नशिप मिळाली, आता काय वाचून जाऊ?' माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात, कारण मी कुठल्याही जाड पुस्तकाचं नाव सांगत नाही. फर्ममध्ये पहिल्या आठवड्यात तुमच्याकडे येतं ते एका ओळीचं काम. असोसिएट मॅडम जाता जाता सांगतात, किंवा ईमेल येतो: 'चेक बाउन्स, ज्युरिसडिक्शन, लेटेस्ट पोझिशन. संध्याकाळपर्यंत नोट दे.' बस, एवढंच. ही एक ओळ हातात आल्यापासून नोट पाठवेपर्यंत काय करायचं, ते आज बोलू.

आधी हिशेब बघा. बार काउन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, आणि एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एका ऑफिसात तुम्ही साधारण महिनाभर. त्या महिन्यात तुमचं कोर्टातलं भाषण कोणी ऐकणार नाहीये. तुमची ओळख तुमच्या पाच-सहा लेखी नोट्सवरूनच होणार.

काम घेताना

काम सांगितलं जात असताना वही आणि पेन हातात हवं. मोबाईलवर टाइप केलंत तर समोरच्याला वाटतं तुम्ही चॅट करताय. अन्याय आहे, पण वाटतं.

मग प्रश्न विचारायचे. इथे आपली मुलं गप्प बसतात. 'विचारलं तर वाटेल याला काही येत नाही' ही भीती. खरं तर सिनियरला जास्त भीती न विचारणाऱ्या इंटर्नची वाटते. आपला क्लायंट चेक घेणारा की देणारा? प्रकरण दाखल झालंय की व्हायचंय? कुठल्या कोर्टात? मॅडमना चार ओळींचं उत्तर हवंय, पूर्ण मेमो हवाय, की निकालांच्या प्रती जोडलेली फाईल? आणि 'संध्याकाळ' म्हणजे पाच की साडेआठ? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. फोर्टमधल्या ऑफिसात संध्याकाळ रात्री नऊला होते.

एक उदाहरण देतो, म्हणजे हे प्रश्न शोभेचे नाहीत हे कळेल. समजा काम असं आलं: 'लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली, समोरचा जागा सोडत नाही, उपाय काय?' तुम्ही लगेच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ उघडला. कलम २४ सापडलं. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, मुदतीनंतर जागा अडवून ठेवल्याबद्दल दुप्पट दराने नुकसानभरपाई. झकास, नोट तयार! पण जागा कसली आहे हे विचारलंत का? कलम २४ राहण्यासाठी दिलेल्या जागेचं आहे. तो दुकानाचा गाळा असेल तर हा रस्ताच बंद. मुंबईत मग १८८२ च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट कायद्याच्या कलम ४१ खाली लघुवाद न्यायालयात जावं लागतं. फ्लॅट की गाळा, एवढ्या एका शब्दाने तुमच्या चार तासांच्या कामाचं सोनं होतं किंवा माती.

प्रश्न विचारून झाले की जागेवर येऊन दोन ओळींचा मेसेज टाका: 'मॅडम, मी असं समजलोय: क्लायंट चेक घेणारा आहे, तक्रार अजून दाखल नाही, कोल्हापुरात दाखल करता येईल का एवढंच बघायचंय. सात वाजेपर्यंत दोन पानी नोट देतो.' काही चुकीचं ऐकलं असेल तर ते आत्ताच कळेल, सात वाजता नाही.

शोध कुठून सुरू करायचा

सरळ सर्च बॉक्समध्ये 'चेक बाउन्स ज्युरिसडिक्शन' टाकू नका. आधी बेअर ॲक्ट, आणि तोसुद्धा ताज्या दुरुस्त्यांसह. कॉलेजात सेकंडहँड घेतलेली प्रत नको. सरकारच्या इंडिया कोड वेबसाइटवर केंद्रीय कायदे फुकट वाचता येतात. कलम पूर्ण वाचा: परंतुकं, स्पष्टीकरणं, सगळं. मग त्या विषयावरची कॉमेंटरी, जी ऑफिसच्या कपाटात असतेच. कॉमेंटरीच्या तळटिपांमध्ये महत्त्वाचे निकाल आयते मिळतात. निकालांचा शोध त्यानंतर.

हा क्रम का, ते चेकच्याच उदाहरणावरून बघू. मला हे उदाहरण फार आवडतं, जरा वेळ घेतो.

कोल्हापूरचा एक व्यापारी धरा. सुरतच्या गिऱ्हाइकाने त्याला चेक दिला. व्यापाऱ्याने तो कोल्हापुरातल्या आपल्या खात्यात टाकला आणि तो वटला नाही. तक्रार कुठे करायची, कोल्हापूरला की सुरतेला? १९९९ मध्ये के. भास्करन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्याचे पाच टप्पे आहेत: चेक लिहिणं, तो बँकेत सादर करणं, न वटता परत येणं, नोटीस देणं आणि नोटिशीनंतरही पैसे न देणं. यातला कुठलाही टप्पा जिथे घडला तिथे तक्रार चालेल. लोकांनी त्याचा सोयीने वापर केला, कुठूनही नोटिसा पाठवून कुठेही तक्रारी व्हायला लागल्या. मग १ ऑगस्ट २०१४ ला दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. तीन न्यायमूर्तींचं पीठ. ते म्हणाले, चेक ज्या बँकेवर काढलाय ती बँक जिथे, तिथेच तक्रार. म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या माणसाला सुरतेच्या फेऱ्या.

आता एखाद्या इंटर्नने फक्त निकाल शोधले, तर त्याला हा निकाल पहिल्या पानावर दिसणार. सर्वोच्च न्यायालय, तीन न्यायमूर्ती, अगदी नेमका मुद्दा. तो आनंदाने लिहिणार, 'सुरत'. आणि उत्तर साफ चुकणार! कारण २०१५ मध्ये संसदेने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातच दुरुस्ती केली. कलम १४२ मध्ये पोटकलम (२) आलं, १५ जून २०१५ पासून लागू धरून. चेक खात्यामार्फत वसुलीसाठी टाकला असेल, तर चेक घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. म्हणजे कोल्हापूर. चेक खात्यामार्फत न टाकता दुसऱ्या रीतीने पैशासाठी सादर केला असेल, तर मात्र चेक देणाऱ्याची शाखा.

यातली मेख लक्षात घ्या. दशरथ राठोड पुढच्या कुठल्या मोठ्या पीठाने मोडला म्हणून गेला नाही. त्याच्या पायाखालचं कलमच बदललं. त्यामुळे 'हा निकाल नंतर रद्द ठरवला गेला का' एवढंच तपासून भागत नाही. आधी कलम वाचलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आणि चुकीचं उत्तर महाग का पडतं? या कायद्यात घड्याळ चालू असतं. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते दिले नाहीत की पुढच्या एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर पुरेसं कारण दाखवून कोर्टाकडून माफी मागता येते, पण नोटिशीच्या ३० दिवसांना तशी सवलत कलमात नाही. म्हणून अशा कामात कोणी विचारलं नसलं तरी नोटच्या वरच्या भागात तारखांचा छोटा तक्ता टाका. तुम्ही कोर्टाची जागा शोधत बसलात आणि मुदत उद्या संपतेय, हे कोणाच्याच लक्षात आलं नसेल तर त्या व्यापाऱ्याचा केवढा घात!

फौजदारी कामात सध्या आणखी एक सापळा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, एफआयआर रद्द करायला जे वापरतात ते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. सर्चमध्ये नुसतं 'कलम ४८२' टाकलंत तर दोन वेगळ्या दुनियांचे निकाल एकाच पानावर येतात. नोटमध्ये प्रत्येक कलमापुढे कुठल्या कायद्याचं ते लिहाच, आणि गुन्हा कुठल्या तारखेचा आहे ते आधी विचारा.

निकाल वाचताना

हेडनोट हा निकालाचा भाग नसतो. तो रिपोर्टच्या संपादकाने काढलेला सारांश असतो. त्यावरून निकाल निवडा, पण त्यातलं वाक्य नोटमध्ये उचलू नका.

दुसरं, आणि हे इतक्या वेळा होतं की मी जवळजवळ प्रत्येक इंटर्नला सांगतो: निकालाच्या पहिल्या निम्म्या भागात कोर्ट दोन्ही वकिलांचे युक्तिवाद नोंदवतं. एखादा परिच्छेद इतका आपल्या बाजूचा असतो की वाचून अंगावर काटा येतो. कॉपी, पेस्ट. मग कळतं की ते हरलेल्या वकिलाचं म्हणणं होतं. परिच्छेद उचलण्याआधी दोन परिच्छेद मागे जा आणि बघा बोलतंय कोण.

मग बघा पीठ किती जणांचं, तारीख काय, आणि मुद्दा खरंच त्यांच्यापुढे होता का. घटनेच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो, पण ओघात आलेलं प्रत्येक वाक्य म्हणजे तो कायदा नव्हे. आपलं प्रकरण पुण्यात असेल तर आधी मुंबई उच्च न्यायालय बघायचं. दिल्ली किंवा मद्रासचा निकाल वाचायला कितीही देखणा असला, तरी इथे तो फक्त पटवून देण्यापुरता. आणि मुंबईतही एकल न्यायमूर्तींचा निकाल सापडला की त्याच मुद्द्यावर खंडपीठाचा आहे का ते शोधल्याशिवाय थांबू नका.

'सर, आमच्या कॉलेजला महागडे डेटाबेस नाहीत' हा प्रश्न लातूर-नांदेडपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडून येतो. फर्ममध्ये एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र असतं, ते पहिल्या दिवशी शिकून घ्या. पण सराव घरी फुकटात होतो. इंडियन कानून आहेच. सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर २०२३ पासून सगळ्यांना खुलं आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या वेबसाइटवर निकालांच्या सही झालेल्या प्रती मिळतात. मोबाईलवरून सगळं जमतं. फक्त अंतिम नोटसाठी परिच्छेद क्रमांक नेहमी मूळ प्रतीवरून घ्या, कारण वेगवेगळ्या ठिकाणी ते पुढेमागे झालेले असतात.

आता एआय. वापरू नका असं मी म्हणत नाही. विषयाची ओळख करून घ्यायला, शोधशब्द सुचवायला ठीक आहे. पण त्याने दिलेला निकाल तुम्ही स्वतः उघडून वाचला नसेल तर तो नोटमध्ये जाता कामा नये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल दाखल केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. नावं खरी वाटणारी, सायटेशन खरं वाटणारं, आत काहीच नाही. कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड केला. तिथे सही वकिलाची होती. तुमच्या नोटवरून उद्या तुमच्या मॅडम सही करणार आहेत.

लिहिताना

कॉलेजचा निबंध आणि ऑफिसची नोट यांची उलटी चाल असते. निबंधात आधी प्रस्तावना, इतिहास, मग शेवटी निष्कर्ष. नोटमध्ये उत्तर पहिलं. ती वाचणारी व्यक्ती टॅक्सीत असते, कोर्टाच्या पायऱ्यांवर असते, फोनवर वाचते. तिला पहिल्या पाच ओळींत कळलं पाहिजे.

कोल्हापूरच्या प्रकरणाची सुरुवात साधारण अशी व्हावी: 'प्रश्न: तक्रार कोल्हापुरात दाखल करता येईल का? उत्तर: हो. चेक क्लायंटच्या कोल्हापूर शाखेतल्या खात्यामार्फत वसुलीसाठी टाकला असल्याने कलम १४२(२)(अ) लागू होतं. दशरथ राठोडमधली २०१४ ची स्थिती २०१५ च्या दुरुस्तीनंतर लागू नाही. पडताळायचं: खातं नेमकं कुठल्या शाखेत आहे, ते बँकेच्या रिटर्न मेमोवरून आणि पासबुकवरून.' प्रत्यक्षात हे तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण बांधणी हीच. त्याखाली तथ्यं, मग कलम, मग निकाल, आणि प्रत्येक निकालापुढे 'यावरून आपल्या प्रकरणाचं काय' हे एक-दोन वाक्यांत. पंधरा निकालांची यादी देणाऱ्यापेक्षा तीन निकाल नीट लावून दाखवणारा इंटर्न लक्षात राहतो.

इंग्रजीबद्दल एक सांगतो, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं याच गोष्टीला सगळ्यात जास्त घाबरतात. छोटी वाक्यं लिहा. 'हिअरइनबिफोर', 'नॉटविथस्टँडिंग' असले शब्द नोटमध्ये कोणी मागत नाही. साधं, बरोबर इंग्रजी पुरतं. उलट जमिनीचं काम आलं की बाजू पलटते. सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखतं, तलाठ्याच्या अक्षरातल्या नोंदी. मोठ्या फर्ममधले कितीतरी हुशार इंटर्न तिथे अडखळतात. तुम्ही 'इतर हक्क' रकाना वाचू शकता, आणि तिथेच बोजा, कुळाची नोंद असलं बरंच काही दडलेलं असतं. फक्त भाषांतर करताना घाई नको. 'भोगवटादार वर्ग २' याचं नुसतं शब्दशः इंग्रजी करून पुढे गेलात तर मुद्दा हरवला. त्या वर्गाच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात, परवानगीचा प्रश्न येतो. कुळकायद्याच्या कलम ४३ ची नोंद दिसली तरी तेच. मूळ मराठी शब्द तसाच ठेवा आणि पुढे त्याचा परिणाम लिहा.

आपल्या विरुद्ध जाणारा निकाल सापडला तर? लिहायचा. तोही वरच, शेवटच्या पानावर लपवून नाही. बरीच मुलं समजतात की क्लायंटच्या बाजूचंच शोधून द्यायचंय. तो निकाल समोरचा वकील आणणारच आहे. सिनियरला तो आज तुमच्याकडून कळणं आणि महिन्याने कोर्टात उभ्या उभ्या कळणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि काहीच सापडलं नाही तर तेही उत्तर आहे, पण 'नाही मिळालं मॅडम' एवढं म्हणून चालत नाही. कुठल्या डेटाबेसमध्ये, कुठल्या शब्दांनी, कुठल्या काळातलं शोधलं ते तीन ओळींत लिहा. मग त्यांना ठरवता येतं की प्रश्न खरंच नवा आहे की शोधशब्द बदलायला हवेत.

वेळेबद्दल थोडक्यात. सातला द्यायचं असेल आणि तीनला कळलं की होत नाहीये, तर तीनलाच सांगा. जेवढं झालंय ते उत्तर म्हणून पाठवा आणि काय राहिलंय ते लिहा. पावणेसातला सांगणं म्हणजे मॅडमच्या गळ्यात काम टाकून निघून जाणं.

बाहेर न्यायचं नाही असं काही

क्लायंटचं नाव, कागदाचा फोटो, 'आज एका मोठ्या कंपनीच्या केसवर काम केलं' असलं स्टेटस, यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. मित्राला शंका विचारायची असेल तर नावं, रकमा, गावं काढून फक्त कायद्याचा प्रश्न विचारा. क्लायंटचा करार मोफत एआय टूलमध्ये अपलोड करणं हेही कागद बाहेर नेण्यासारखंच आहे. पुढच्या इंटर्नशिपसाठी नमुना म्हणून तुमची नोट वापरायची असेल तर आधी विचारा, आणि परवानगी मिळाली तरी ओळख पटेल असं सगळं काढा.

शेवटी नेहमी येणारा प्रश्न: 'नोट पाठवली, पण काही उत्तरच आलं नाही. विचारू का?' विचारा, पण 'कशी वाटली?' असं नको. दोन दिवसांनी म्हणा, 'मॅडम, त्या नोटवरून अंतिम मसुदा झाला असेल तर बघायला मिळेल का?' तो मसुदा आणि तुमची नोट शेजारी ठेवा. कुठलं वाक्य राहिलं, कुठलं उडालं, कुठला निकाल त्यांनी वापरलाच नाही. तासाभराचं काम आहे, आणि लाल पेनाने केलेल्या खुणांइतकं स्पष्ट कोणी तोंडी सांगत नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये कोर्टाच्या फाईलिंग काउंटरबद्दल बोलू: ऑब्जेक्शन कशी निघतात आणि क्लार्कशी कसं बोलायचं. तोवर, भेटूच.